उजव्या बाजूचा एक्सल

नोकरीतलं बरंच काही आता डोक्यातून गेलं, पण बपेरा गावाजवळच्या त्या ट्रकची केस जशीच्या तशी आहे. मी सातवी पास माणूस. शिपाई म्हणून लागलो, जमादार होऊन घरी आलो. मोठे अधिकारी आठवणी लिहितात, त्यात दरोडे असतात, खून असतात. माझ्या केसमध्ये खून नाही. एक लोखंडी दांडा आहे. पण त्या दांड्यानं मला जे शिकवलं ते ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. नावं कोणाचीच लिहीत नाही. काही माणसं गेली, काहींची लेकरं अजून त्याच गावांत राहतात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा धानाच्या गिरणीवाल्यांना ठरलेला तांदूळ सरकारला द्यावा लागे. त्याला लेव्ही म्हणत. राज्याबाहेर तांदूळ न्यायला बंदी होती. आमच्या ठाण्याच्या हद्दीला लागून मध्य प्रदेश, आणि पलीकडे भाव चढा. त्यामुळे आमची निम्मी नोकरी नाक्यावर उभं राहून ताडपत्र्या उचलण्यात जायची.

मी तेव्हा हवालदार होतो. लोक मात्र सगळ्यांनाच जमादार म्हणत. एका बुधवारी सकाळी एक गिरणीवाला शेठ लिहून आणलेली फिर्याद घेऊन ठाण्यात आला. त्याचा ट्रक लेव्हीचा तांदूळ भरून भंडाऱ्याच्या सरकारी गोदामाकडे निघाला होता. बपेऱ्याजवळ डाव्या बाजूचा एक्सल तुटला, चाक निखळलं, गाडी एका अंगावर कलली. ड्रायव्हरनं गावातला एक माणूस राखणीला बसवला आणि एसटीनं तुमसरला नवा एक्सल आणायला गेला. दुसऱ्या दिवशी येऊन एक्सल बसवला, ताडपत्री उघडली, तर कडेच्या रांगा जागेवर आणि मधली पोती गायब. राखणदारानं गावातल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, लावून पोती पलीकडे पोचवली, असा शेठचा स्पष्ट संशय.

ठाणेदार साहेबांनी गुन्हा दाखल केला. मी जीप घेऊन गेलो, पंचनामा केला, ट्रक ठाण्याच्या आवारात आणला. ड्रायव्हरनं तुटक्या एक्सलचे दोन तुकडे दाखवले, तेही मुद्देमाल म्हणून जप्त केले. राखणदारालाही त्याच जीपमध्ये घातलं.

चाळिशीचा माणूस. रस्त्याच्या गँगवर बारा वर्षं रोजंदारीत गिट्टी टाकणारा. त्याला विचारलं की दोनच वाक्यं बोलायचा.

"गाडी सरळ उभी होती जी. ताडपत्रीले म्या हात नाही लावला."

"अबे, पोती काय उडून गेली काय?"

"ते मले नाही ठाऊक. गाडी सरळ उभी होती."

दोन थपडा मीही मारल्या. खोटं कशाला लिहू. त्या काळी विचारपूस म्हणजे तीच होती. तो रडला नाही, भांडला नाही, तीच दोन वाक्यं पुन्हा म्हणाला. मला वाटलं, माणूस निबर आहे.

कोर्टानं शनिवारपर्यंत पोलीस कोठडी दिली. गुरुवारी सकाळी त्याची बायको ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसली. हात जोडून जय भीम केला आणि पदराच्या गाठीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. बांधकाम खात्याचा हुकूम होता. तिच्या नवऱ्याला कायम केलं होतं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर हुकूम रद्द.

"जमादार साहेब, त्याच्या हाताले पाहून घ्या एकडाव," ती म्हणाली. "बारा वर्सं दुसऱ्याच्या गाड्यांसाठी सडक बनवली त्यानं. गाडी लुटाची रायती त इतकी वर्सं काहून थांबला असता?"

"बाई, कायदा आहे."

"कायदा त आहेच. सोमवारपर्यंत आहे, का त्याच्या बादही आहे, एवढंच सांगा."

मी हुकूम वाचून तिला परत दिला. वरून गंमत अशी, की त्याच माणसाच्या चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आठवडाभरापासून माझ्याच टेबलावर पडून होता. 'गुन्हा दाखल आहे' एवढं लिहिलं की बारा वर्षं पाण्यात. मी फॉर्म उलटा करून ठेवला.

दुपारी जेवायला क्वार्टरवर गेलो. क्वार्टर ठाण्याच्या मागेच होतं. माझी बायको नळाजवळ कपडे धूत होती. आदल्या दिवशी एक्सलचा मोठा तुकडा जीपमधून मालखान्यात नेताना मी खांद्यावर माझा पांढरा दुपट्टा घडी करून ठेवला होता. तो दुपट्टा तिच्या हातात होता.

"हे काय उचललं होतं वो? विहिरीचा रहाट?"

"ट्रकचा एक्सल. चाकाजवळून काढलेला."

"कवा काढला?"

"परवा. तुले काय करायचं?"

"ट्रकाच्या आतल्या सामानाले तेल रायते ना?"

"रायते."

"मंग ह्याच्यावर तेलाचा थेंब कुठं आहे? हा जंगाचा डाग आहे. तेल असतं त मी रॉकेल लावलं असतं. निंबू-मीठ घासून राहिली सकाळपासून."

मी म्हणालो, "तू कपडे धू."

"धूनच राहिली. तुमी पोलीस आहा, तुमी पाहा मंग."

असं ती बोलायची. चौथीही झाली नव्हती तिची. मी जेवायला बसलो, पण अर्ध्यावर उठलो. हात न धुता तसाच मालखान्यात गेलो आणि एक्सलवर बोट फिरवलं. बोट लाल झालं. तुटलेल्या तोंडावर फिरवलं. तिथंही लाल. तीन दिवसांपूर्वी तुटलेलं लोखंड एवढ्यात गंजतं काय? उन्हाळ्याचे दिवस. बुधवारी मी त्याच एक्सलची जप्ती लिहिली होती, वजन लिहिलं, लांबी लिहिली. गंज दिसला होता मला. पण डोक्यात शिरला नव्हता.

साहेबांना सांगितलं. साहेब चांगले होते पण घाईचे.

"हवालदार, लोखंड आहे, गंजणारच."

"साहेब, जाणत्याले दाखवतो. एक दिवस द्या."

"जाणता कोण? इंजिनिअर आहे काय इथं?"

"मोहाडीच्या रस्त्यावर मिस्त्री आहे."

साहेब हसले, पण स्टेशन डायरीत नोंद करून परवानगी दिली. शुक्रवारी सकाळी एक शिपाई आणि दोन्ही तुकडे सोबत घेऊन मी एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "जमादार, आरोपी कोणता, हा शिपाई का हा दांडा?" सगळी गाडी हसली. मीही हसलो. पण पायाजवळच्या त्या दांड्यावरून माझी नजर हटत नव्हती.

मिस्त्री साठीच्या घरातला. जातीनं लोहार, बाप बंडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा. त्यानं स्वतः लहानपणी भाता ओढला आणि मग ट्रक शिकला, कोणाच्या शाळेत न जाता. मी एक्सल पुढे ठेवला. माझं काही ऐकायच्या आधी त्यानं तो उचलून नाकाला लावला.

"वास नाही," तो म्हणाला. "मागच्या चाकांच्या धुऱ्यात जाडं तेल रायते. त्याचा वास हाताले लागला त जेवतानाही जात नाही. हा एक्सल कईचा बाहेर पडून आहे. ह्याच्यावर पावसाळा गेला."

"हा चार दिवसांपूर्वी तुटला म्हणतात. चाक निखळलं, गाडी कलली."

मिस्त्रीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मास्तर ढ पोराकडे पाहतो.

"कोण म्हणते?"

"फिर्यादीत लिहिलं आहे."

"लिवणाऱ्यानं पाना नाही धरला कधी हातात. या साहेब."

त्यानं मला गॅरेजात उभ्या असलेल्या एका ट्रकच्या मागे नेलं. चाक काढलेलं होतं. त्यानं जे समजावलं ते मी आजही कोणालाही समजावू शकतो.

"बंडीची आस पाहिली ना? आस फिरत नाही. ती ओझं घेते, चाक तिच्यावर फिरते. आता समजा चाकाले आतून फिरवाचं आहे, बैल नाही. मंग कसं करसान? आस पोकळ करा. नळीसारखी. ओझं नळीवरच राहू द्या, चाकही नळीवरच बसवा, बेरिंगा घालून. आन त्या नळीच्या पोटातून एक दांडा घाला. दांड्याच्या आतल्या टोकाले दाते, ते मधल्या डब्यातल्या गरारीत, म्हणजे दातेरी चाकात, बसतात. बाहेरच्या टोकाले थाळी, ते नटांनी चाकाच्या तोंडावर आवळली. इंजिन डब्याले फिरवते, डबा दांड्याले फिरवते, दांडा चाकाले. हा दांडा म्हणजे एक्सल. ह्याच्या अंगावर पोत्याचं ओझं नाही. ह्याचं काम फकत फिरवाचं."

"मग तुटला तर?"

"तुटला त गाडी जाग्यावर उभी रायते. इंजिन वरडते, गाडी सरकत नाही. पण चाक कुठं जाते? ते त नळीवर बसलं आहे. आठ नट खोला, दांडा बाहेर ओढा, चाकाले हातही लावू नोका. कार मोटारीत एक्सल तुटला त चाक जाते कधीकधी, कारण तिथं ओझं आन फिरणं एकाच दांड्यावर रायते. ट्रकवाल्यानं इचार केला, की दोन कामं दोघाले वाटून द्या."

मी त्या नळीकडे, त्या दांड्याकडे पाहत राहिलो. ज्या माणसानं हे पहिल्यांदा जुळवलं असेल, त्याच्या डोक्याला हात जोडावेसे वाटले. नऊ टन माल जंगलाच्या रस्त्यानं जातो, मनगटाएवढा दांडा मोडतो, आणि गाडी कलंडत नाही, कोणी मरत नाही. रस्त्यावर इतके ट्रक पाहिले मी, अडवले, खालून वाकून झडत्या घेतल्या. त्यांच्या पोटात एवढं शहाणपण आहे हे माहीत नव्हतं.

आणि तेव्हाच कानात ते वाक्य आलं. गाडी सरळ उभी होती जी.

मी बाकावर बसलो. मिस्त्रीनं पाणी दिलं. मग त्यानं दात्यांचा तुकडा चिंधीनं पुसला आणि उन्हात धरला.

"फिर्यादीत कोणती बाजू लिवली?"

"डावी."

"हे दाते सरळ कापलेले रायतात. आता पाहा, किंचित वळले. ओला दुपट्टा पिळतो तसा पीळ बसते. माल भरून भरून वर्सानुवर्स चालला त लोखंडाले सवय लागते. डाव्या एक्सलचा पीळ एकीकडं, उजव्याचा दुसरीकडं. म्हणून जुना एक्सल बाजू बदलून कधी टाकत नाही, उलटा पीळ पडते आन तुटते. हा उजव्या बाजूचा आहे, साहेब. डाव्या बाजूले हा एक दिवसही चालला नाही."

त्यानं मोठा तुकडा उलटा केला, थाळीच्या मागची माती नखानं खरवडली आणि तिथंच अंगठा दाबून धरला. तिथं लोखंडात छिन्नीचे दोन बारीक ठोके होते.

"काय झालं?"

"पंचाईत झाली," तो म्हणाला. "हे ठोके माह्ये आहेत. बाजू बदलू नये म्हणून मी डाव्याले एक मारतो, उजव्याले दोन. जिल्ह्यात दुसरा कोणी मारत नाही. हा म्याच काढला होता, मागच्या दिवाळीच्या आधी. त्याच शेठच्या दुसऱ्या गाडीतून. तुकडे त्याचा माणूस घेऊन गेला होता."

मी त्याच्याकडे पाहत होतो, तो जमिनीकडे. शेठच्या तिन्ही गाड्या त्याच्याकडे यायच्या. गॅरेजची जागाही शेठच्या नातेवाइकाची.

"सही करा लागन काय?" त्यानं विचारलं.

"लागेल. कोर्टातही यावं लागेल."

घरातून त्याची म्हातारी ओरडली, "काय म्हणून राहिले वो पोलीसवाले?"

"काही नाही. माह्यी खूण ओळखाले आले," तो म्हणाला. मग हात रॉकेलनं धुतले, पुसले, आणि जबाबावर सावकाश सही केली. "शेठ गेला त दुसरा गाडीवाला येईन. ठोका म्या मारला, आता माह्या नाही म्हटलं त उद्या कोणत्या तोंडानं मारू?"

मी त्याला सलाम केला. नोकरीत वरिष्ठांना हजारदा केला, तो करावाच लागतो. हा मनानं केला.

अडाण्याच्या शब्दावर कोर्ट चालत नाही हे मला ठाऊक होतं. साहेबांनी माझं ऐकलं आणि हसले नाहीत. त्याच संध्याकाळी भंडाऱ्याला निरोप गेला आणि शनिवारी सकाळी मोटार वाहन निरीक्षक आले. तरुण, कॉलेज शिकलेले. मिस्त्रीला बोलावलंच होतं. पंचांसमोर आवारातल्या ट्रकचे डाव्या बाजूचे नट खोलले. नटांवर पान्याचे ताजे ओरखडे होते, म्हणजे कोणीतरी मुद्दाम सैल करून परत आवळले होते. एक्सल बाहेर ओढला. तेलानं न्हालेला, जुना, अख्खा. थाळीमागे एक ठोका. शेठच्या म्हणण्याप्रमाणे तिथं तुमसरचा नवाकोरा एक्सल असायला हवा होता.

निरीक्षकांनी दोन्हींच्या दात्यांवर बोट फिरवलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "काका, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं आज."

मिस्त्री म्हणाला, "तुमचं पुस्तक खरं आहे म्हणजे."

आता ड्रायव्हर. त्याला मी मारलं नाही. तेलाचा एक्सल आणि गंजाचा एक्सल असे दोन्ही त्याच्यापुढे टेबलावर ठेवले, चहा दिला.

"किती वर्षं ट्रक चालवतोस?"

"सोळा."

"एक्सल किती तुटले?"

"चार-पाच."

"किती वेळा चाक निखळलं?"

त्यानं कप खाली ठेवला. कोणताही ड्रायव्हर या प्रश्नावर खोटं बोलू शकत नाही, बोलला तर त्याची सोळा वर्षं खोटी. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला.

"शेठले म्हटलं होतं म्या, चाक पडत नाही म्हणून. तसं नोका लिवू. शेठ म्हणे, लिव, पोलिसाले काय समजते."

राखणदार बसवायच्या आदल्या दुपारीच पोती पलीकडे उतरवली होती. मग गाडी परत आणून रस्त्यात उभी केली, केबिनमधले तुटके तुकडे चाकाजवळ टाकले आणि कोणाच्या तरी गळ्यात घालायची म्हणून एक गरीब माणूस राखणीला बसवला. शेठला वाटलं, रोजंदारीवाला आहे, त्याचं कोण ऐकतं. त्याचा तो अंदाज चुकला नव्हता. आम्ही ऐकलंच नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी साहेबांनी कोर्टात अहवाल दिला, की या माणसाविरुद्ध पुरावा नाही, सोडावं. सोडला. ठाण्यात त्याचा पंचा आणि विडीचा कट्टा परत देताना मी फॉर्म सरळ केला आणि त्याच्यासमोर लिहिलं, 'वर्तणूक चांगली, हरकत नाही.' माफी मागायची होती. पोलिसाच्या तोंडाला ती सवय नव्हती, नाही निघाली. म्हणालो, "जा, सोमवारी हजर हो."

त्यानं कागद बायकोकडे दिला. दारापर्यंत गेला, मग वळला.

"साहेब, गाडी सरळच उभी होती ना जी?"

"होती," मी म्हणालो. "सरळ उभी होती."

मग तो गेला. सोमवारी हजर झाला आणि त्याच रस्त्यावर कायम गँगमन म्हणून निवृत्त झाला. शेठवर खोट्या फिर्यादीचा आणि सरकारी माल विकल्याचा खटला चालला, शिक्षा झाली, गिरणीचा परवाना गेला. मिस्त्रीचं गॅरेज त्या जागेवरून उठलं. वर्षभरात तो एसटी स्टँडजवळ दुसऱ्या जागी दिसला, हातात छिन्नी. पुढे गाडीवाले आपणहून सांगायचे, ठोकेवाल्या मिस्त्रीकडे न्या.

या केसनं मला शिकवलं ते थोडक्यात सांगतो. आरोपीच्या तोंडाकडे पाहायच्या आधी मुद्देमालाकडे पाहावं. घाबरलेला गरीब आणि मुरलेला चोर दोघंही एकाच गोष्टीला चिकटून बसतात, तोंडावरून फरक कळत नाही. लोखंड मात्र ज्या बाजूनं राबलं ती बाजू अंगावर ठेवतं. आणि हातानं काम करणारा माणूस, मग तो एक्सल खोलणारा असो की कपडे धुणारा, त्याला विचारल्याशिवाय केस बंद करू नये. त्यानंतर माझ्या हातून थप्पड सुटली नाही असं नाही म्हणणार, पण कमी सुटली.

एक गोष्ट आजपर्यंत सांगितली नाही. केस डायरीत मी लिहिलं होतं, 'गुप्त बातमीदाराकडून मुद्देमाल संशयास्पद असल्याची माहिती मिळाली.' साहेबांनी खूपदा विचारलं, बातमीदार कोण. मी म्हणायचो, खबऱ्याचं नाव सांगायचं नसतं. मला बक्षीस मिळालं, सर्व्हिस बुकात चांगली नोंद झाली. खरं हे, की धुण्याच्या दगडाजवळ बायकोनं केस फोडली असं ठाण्यात सांगायची मला लाज वाटली होती.

तिनं एकदा विचारलं होतं. "लिवलं काय वो माह्यं नाव?"

"खबऱ्याचं नाव लिहीत नाहीत. त्याच्या जिवाला धोका असतो."

"मले कोण मारते? निंबू-मिठावाली!" म्हणत ती हसली, आणि पुढे कधी तो विषय काढला नाही.

गेल्या पौषात ती गेली. हे लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं, की खबरी कोण होता ते आता सांगायचं. सांगितलं. पण कोणाचंच नाव लिहायचं नाही हा नियम मीच घातला, म्हणून तिचंही लिहिलं नाही. या वेळी तरी लिहू का, हे तिला विचारायचं राहून गेलं.